गाडी का थरथरते? आधी ‘कधी’ ते विचारा

दिवाळी सरली की यवतमाळ जिल्ह्यातल्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्या वाढतात. आर्णी असो, घाटंजी असो, राळेगाव असो की पांढरकवडा, जिनिंगच्या दारात ट्रॅक्टर, पिकअप आणि छोट्या मालगाड्यांची रांग लागते. त्यातल्या बऱ्याच गाड्या दहा-पंधरा वर्षे चाललेल्या असतात. वर्षातली कमाईची हीच वेळ आणि नेमकी याच वेळी एखादी गाडी थरथरू लागते. स्टिअरिंग धरलेल्या हाताला मुंग्या येतात, आरशात मागचे काही नीट दिसत नाही, सीटखालून हादरे बसतात. मग सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, ‘फाउंडेशन गेलं.’ दुसरा म्हणतो, ‘नोझल खराब आहे.’ तिसरा थेट निकाल देतो, ‘इंजिन खोलाच लागते भाऊ!’

तिघांपैकी कोणाचेही बरोबर असू शकते. पण अंदाजावर काम सुरू झाले की भुर्दंड गाडीमालकाला बसतो. एका रबरी तुकड्याने भागणारे काम इंजिन खोलण्यापर्यंत जाते. दोन-तीन सुटे भाग बदलूनही थरथर तशीच राहते. याच्या उलटही घडते. ‘जुनी गाडी आहे, थरथरणारच’ म्हणून सोडून दिलेला दोष एखाद्या दिवशी भर रस्त्यात, भरल्या गाडीनिशी अंगावर येतो. शिवाय रोज आठ-दहा तास त्या सीटवर बसणाऱ्या माणसाची पाठ आहेच. म्हणून गाडीची थरथर ओळखायची कशी, हे थोडे शास्त्रीय नजरेने पाहू. त्यासाठी फार मोठी यंत्रे लागत नाहीत. योग्य प्रश्न आणि साधे गणित पुरते.

थरथर हे लक्षण आहे

ताप हा स्वतः आजार नसतो. तो मलेरियाचा असतो, टायफॉइडचा असतो किंवा साध्या सर्दीचा. म्हणून डॉक्टर गोळी लिहिण्यापूर्वी विचारतात, ‘ताप कधी येतो? थंडी वाजून येतो का? संध्याकाळी वाढतो का?’ गाडीच्या थरथरीचेही तसेच आहे. एकच लक्षण, पण कारणे डझनभर.

त्यातही थोडी थरथर ही निरोगी इंजिनाचीच असते. इंजिनात पिस्टन खालीवर धावतात. प्रत्येक सिलिंडरमध्ये ठरावीक वेळाने इंधनाचा भडका उडतो आणि क्रँकशाफ्टला धक्का मिळतो. इंजिनाची ताकद म्हणजे हे एकामागून एक बसणारे धक्केच. ते जितके जवळजवळ आणि सारख्या अंतराने बसतील तितके इंजिन मऊ चालते. त्यामुळे प्रत्येक इंजिनाचा स्वभाव वेगळा असतो. २००५ साली बाजारात आलेली टाटा एस, म्हणजे आपली ‘छोटा हाथी’, ७०२ सीसीच्या दोन सिलिंडरच्या डिझेल इंजिनावर चालायची. मारुती ८०० मध्ये ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन होते. जुन्या जीप आणि पिकअपमध्ये बहुधा चार सिलिंडरचे डिझेल इंजिन असते. दोन सिलिंडरची गाडी उभी असताना जेवढी हलते तेवढी चार सिलिंडरची हलू लागली, तर तिला काहीतरी झाले आहे असे समजावे.

डिझेल इंजिनाचा धक्का पेट्रोलपेक्षा जोरकस असतो, कारण त्यात ठिणगी नसते. हवा मूळ आकारमानाच्या साधारण अठराव्या-विसाव्या भागाइतकी दाबून तापवली जाते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेट घेते. तेवढा दाब दणका देणारच. शिवाय एका ओळीतल्या चार सिलिंडरच्या इंजिनात पिस्टनच्या चालीमुळे एक सूक्ष्म कंप उरतोच. तो इंजिनाच्या फेऱ्यांच्या दुप्पट वेगाने होतो. फ्रेडरिक लँचेस्टर या ब्रिटिश अभियंत्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्यावर उलट्या दिशांनी फिरणाऱ्या दोन वजनदार दांड्यांचा उपाय शोधला होता. पुढे अनेक इंजिनांत तो वापरला गेला. आपल्याकडच्या बहुतेक साध्या जुन्या गाड्यांत मात्र हे काम इंजिनाखालच्या रबरावरच सोपवलेले असते.

म्हणून पहिला प्रश्न असा : ही थरथर नेहमीची आहे की नवी? गाडी रोज चालवणाऱ्याइतके हे दुसऱ्या कोणाला कळत नाही.

चार वेळा, चार ठिकाणे

‘गाडी थरथरते’ एवढेच सांगितले तर मेकॅनिकच्या हाती काही लागत नाही. ती कधी थरथरते हे सांगितले तर अर्धे निदान तिथेच होते.

पहिली वेळ गाडी उभी असतानाची. इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला. या वेळी चाके आणि प्रोपेलर शाफ्ट फिरत नाहीत. म्हणजे आता जाणवणारी थरथर इंजिनाची, त्याच्या फाउंडेशनची किंवा इंजिनाला जोडलेल्या पंखा, पुली, एसी कॉम्प्रेसर यांची.

दुसरी वेळ उभ्या गाडीला रेस देताना. थरथर वाढत गेली तर फिरणाऱ्या एखाद्या भागाचे वजन एका बाजूला झाले असावे. रेडिएटरच्या पंख्याचे पाते तुटलेले असू शकते. क्रँकशाफ्टच्या पुढच्या पुलीत रबराचा थर असतो. तो सुटला की पुली डुलत फिरते. उलट, रेस देताच थरथर गेली आणि पाय काढताच परत आली, तर एखादा सिलिंडर नीट काम करत नाही किंवा स्लो स्पीड फार खाली लावलेला आहे, ही शक्यता जास्त.

तिसरी वेळ चालत्या गाडीची. उभी असताना गाडी शांत आहे, पण ताशी ५०-६० किलोमीटरला थरथरते आणि गिअर बदलला तरी त्याच वेगाला थरथरते. मग इंजिनाला दोष देऊ नका. चाके, टायर, प्रोपेलर शाफ्ट तपासा. याच्या उलट, तिसऱ्या गिअरमध्ये ४० ला आणि चौथ्यात ६० ला थरथर येत असेल, तर ती रस्त्यावरच्या वेगाशी बांधलेली नाही, इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेली आहे.

चौथी वेळ ओझ्याची. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना गाडी धडधडत उचलत असेल तर क्लच प्लेटवर ऑइल आले आहे का, फाउंडेशन बसले आहे का, हे पाहावे. फक्त ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग हलत असेल तर ब्रेक डिस्क किंवा ड्रम बघावा. इंजिनाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

या चारांत आणखी एक प्रश्न जोडावा : शेवटचे काम काय केले होते? क्लच प्लेट बदलण्यासाठी प्रोपेलर शाफ्ट उतरवावा लागतो. तो काढताना खुणा केल्या नाहीत आणि बसवताना जागा फिरली, तर काल शांत असलेली गाडी आज थरथरते. सायलेन्सरला वेल्डिंग केल्यावर पाइप चेसिसला टेकू लागला, तर इंजिनाचा सगळा कंप त्या वाटेने थेट केबिनमध्ये येतो. डॉक्टर जसे आधीची औषधे विचारतात, तसाच हा प्रश्न आहे.

ठेके मोजले तर

आता थोडे गणित. चार सिलिंडरचे इंजिन स्लो स्पीडला मिनिटाला ७५० फेरे घेते असे धरू. म्हणजे सेकंदाला साडेबारा फेरे. आपल्या गाड्यांची इंजिने चार फेजची, म्हणजे फोर-स्ट्रोक असतात. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा भडका उडतो. चार सिलिंडर मिळून दोन फेऱ्यांत चार धक्के, म्हणजे सेकंदाला २५. हे इतके जलद असतात की सुटे सुटे जाणवत नाहीत, हाताला फक्त एक बारीक झिणझिण कळते.

त्यातला एक सिलिंडर बंद पडला तर काय होईल? चारपैकी एक ठेका दर वेळी चुकेल. तबल्यावरचा एक बोल प्रत्येक आवर्तनात गाळावा तसे. ही उणीव दोन फेऱ्यांत एकदा येते, म्हणजे सेकंदाला सव्वासहा वेळा. झिणझिणीच्या जागी आता ‘ढक्... ढक्... ढक्’ असा हेलकावा जाणवतो. मेकॅनिक याला ‘इंजिन मिसिंग करतंय’ म्हणतात. सेकंदाला सहाच्या आसपासचा हा ठेका ध्यानात ठेवा, चालकाच्या पाठीचा विषय येईल तेव्हा तो परत लागेल.

चाकाचे गणित वेगळे. पिकअपच्या चाकाचा घेर साधारण दोन मीटरच्या थोडा वर असतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. म्हणजे चाक सेकंदाला आठेक फेरे घेते. प्रोपेलर शाफ्ट त्याच्या साधारण चौपट, म्हणजे तीसच्या वर. आणि ज्या गिअरमध्ये शाफ्ट इंजिनाच्याच वेगाने फिरतो, तिथे इंजिनाचा ठेकाही नेमका तेवढाच येतो. खरा घोटाळा इथेच होतो. वाकलेला शाफ्ट किंवा झिजलेला क्रॉस अगदी इंजिनासारखा थरथरतो आणि इंजिनावर बालंट येते. हे वेगळे करण्यासाठी गाडी उभी करून इंजिन तेवढ्याच फेऱ्यांवर चालवून पाहावे. उभ्या गाडीत थरथर नसेल तर इंजिन निर्दोष.

मोठ्या कारखान्यांत हीच पद्धत वापरतात. शेजारच्या चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रातला टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ५०. अशा यंत्रांच्या बेअरिंगवर कंपन मोजणारे सेन्सर बसवलेले असतात आणि कोणत्या ठेक्याचा कंप वाढला यावरून यंत्र न उघडता दोष ओळखला जातो.

आज तसा सेन्सर प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाइल आडवा केला की चित्र फिरते ते ज्या सेन्सरमुळे, तोच कंपनही मोजतो. जर्मनीतल्या आखेन येथील विद्यापीठाने विद्यार्थ्यांसाठी तयार केलेले ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप हा कंप सेकंदाला किती वेळा होतो याचा आलेख दाखवते. मोबाइल सीटवर किंवा डॅशबोर्डवर घट्ट टेकवून उभ्या गाडीत मोजावे. ठळक शिखर २५ जवळ आले तर चारही धक्के नियमित आहेत. सहाजवळ नवे शिखर उगवले तर एखादा सिलिंडर आळशी झाला आहे. मोबाइलच्या सेन्सरला मर्यादा असते. अनेक फोन सेकंदाला शंभरेक नोंदी घेतात आणि त्यात ५० च्या वरचा कंप खरा दिसत नाही. म्हणून हे मोजमाप स्लो स्पीडला आणि चाकांच्या तपासणीपुरते वापरावे. चालत्या गाडीत फोन शेजारी बसलेल्याने धरावा. चालकाने अजिबात नाही.

आळशी सिलिंडर शोधताना

सिलिंडर बंद पडायला तीनच गोष्टी कारणीभूत असतात : इंधन, पेटणे आणि दाब. पेट्रोल गाडीत स्पार्क प्लग, त्याची वायर किंवा कॉइल आधी बघावी. गाडी कापसाच्या किंवा धान्याच्या गोदामाशेजारी उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही बघाव्यात. डिझेल गाडीत नोझल, फिल्टर आणि इंधनाची नळी. घरी ड्रममध्ये साठवलेल्या डिझेलमध्ये पाणी आणि गाळ उतरतो. पुष्कळ गाड्यांच्या डिझेल फिल्टरखाली पाणी सोडण्याचा स्क्रू असतो, पण तो वर्षानुवर्षे कोणी उघडत नाही. नळीत हवा शिरत असेल तर स्लो स्पीड आपोआप वर-खाली होतो.

इंधन आणि ठिणगी ठीक असेल तर दाब मोजावा. त्याला कॉम्प्रेशन टेस्ट म्हणतात. एका सिलिंडरचा आकडा इतरांपेक्षा बराच खाली असेल तर पेट्रोल इंजिनात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे बघायचे. डिझेल इंजिनात आत जागा फार थोडी असते, म्हणून तिथे हा ऑइलचा प्रयोग करू नये. ‘इंजिन खोला’ हा निकाल या चाचणीनंतरच यायला हवा. चाचणी न करता कोणी तो देत असेल, तर आकडे मागण्याचा गाडीमालकाला पूर्ण अधिकार आहे.

इथे एक गंभीर इशारा. जुन्या पंपाच्या डिझेल गाडीत अनुभवी मेकॅनिक एकेका नोझलच्या नळीचा नट किंचित सैल करून पाहतात. जो सैल केल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच बंद आहे. नव्या ‘कॉमन रेल’ डिझेल गाडीत हे कधीही करू नये. तिच्या नळीतला दाब हजार बारच्या वर जातो. मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या कित्येक शे पट. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते. जुन्या नोझलचा फवाराही हातावर घेऊन तपासू नये. अशी जखम दिसायला टाचणी टोचल्याएवढी असते आणि सुरुवातीला दुखतही नाही. पण आत गेलेले डिझेल स्नायू आणि शिरांभोवती पसरते आणि काही तासांत बोट, कधी हातही गमावण्याची वेळ येते. हळद लावून किंवा पट्टी बांधून थांबू नये. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच वेळी जावे आणि ‘दाबाखालचे डिझेल आत गेले आहे’ असे स्पष्ट सांगावे.

दुसरा धोका दिसत नाही. बंद शेडमध्ये किंवा गॅरेजचे शटर ओढून इंजिन चालू ठेवू नये. मिसिंग करणारे पेट्रोल इंजिन कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू जास्त सोडू शकते. त्याला वास नसतो, रंग नसतो. डोके दुखणे, मळमळ, चक्कर यायला लागली की लगेच उघड्यावर या.

रबराचे आयुष्य

इंजिन चेसिसवर थेट बसवलेले नसते. मधे रबर आणि लोखंडाची उशी असते. गॅरेजमध्ये तिला फाउंडेशन किंवा माउंटिंग म्हणतात. इंजिनाचा कंप गिळण्याचे काम तिचे. जुन्या गाडीत ही उशी निकामी होणे हे थरथरीचे अगदी नेहमीचे कारण आहे.

रबराचे दोन मोठे शत्रू म्हणजे उष्णता आणि तेल. मे महिन्यात यवतमाळचा पारा चाळिशीच्या पलीकडे जातो आणि बॉनेटखालची उष्णता त्याहून कितीतरी जास्त असते. अशा उन्हाळ्यांत रबर वाळते, कडक होते, त्याला भेगा पडतात. वरून गळणाऱ्या इंजिन ऑइलने ते फुगते आणि लिबलिबीत होते. कडक रबर कंप अडवत नाही आणि मऊ रबर इंजिन जागेवर धरत नाही.

हे घरी पाहता येते. गाडी सपाट जागी, इंजिन बंद आणि थंड. बॉनेट उघडून टॉर्चच्या उजेडात उशीला भेगा, तेल, रबर आणि लोखंड सुटलेले दिसते का ते पाहावे. इंजिन सुरू होताना आणि बंद होताना मोठा झटका देत असेल तर संशय पक्का. गाडी गिअरमध्ये घालून इंजिनावर ओझे देऊन पाहण्याची चाचणी मात्र मेकॅनिकवर सोडावी. त्या वेळी गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही उभे राहू नये. उश्या बदलायच्या तर सगळ्या एकदम तपासाव्यात, कारण एक नवी आणि बाकीच्या बसलेल्या असल्या की इंजिन तिरपे होते.

काळ्या मातीचा खेळ

पावसाळ्यात आणि वेचणीच्या दिवसांत शेतातून निघालेल्या गाडीला पांदण रस्त्यावरची काळी चिकण माती लागते. ती बाहेरून धुतली जाते, पण चाकाच्या रिमच्या आतल्या बाजूला थापीसारखी चिकटून वाळते. चाकाच्या एका बाजूला मूठभर माती असली तरी वेगात ती मोठा झोल निर्माण करते. अशी गाडी गावच्या रस्त्यावर शांत असते. नागपूर–हैदराबाद महामार्ग क्रमांक ४४ लागला आणि वेग वाढला की स्टिअरिंग थरथरते. उपाय काय, तर चाक आतून पाण्याने धुवा. तरीही थरथर राहिली तर टायरची फुगलेली जागा, वाकलेली रिम, नटांचा कस आणि बॅलन्सिंग तपासा. बरेच दिवस एकाच जागी उभ्या राहिलेल्या गाडीच्या टायरला खालून सपाटी येते, तीही सुरुवातीचे काही किलोमीटर जाणवते.

प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस आणि सेंटर बेअरिंग यांची हयगय नको. गिअर बदलताना खालून ‘टक्’ असा आवाज आणि वेगाबरोबर वाढणारी थरथर ही जोडी दिसली, तर गाडी तपासल्याशिवाय भरू नये. तुटलेला शाफ्ट रस्त्यात रुतला तर गाडी उलटू शकते.

चालकाच्या पाठीचे काय?

आता मघाचा सहाचा ठेका. बसलेल्या माणसाच्या शरीराला सेकंदाला साधारण चार ते आठ वेळा होणारा वर-खाली कंप सर्वांत जास्त झोंबतो. पाठीचा कणा, पोट आणि खांदे या ठेक्यावर सीटपेक्षाही जास्त हलतात. झोक्याला योग्य वेळी हलका धक्का दिला तरी तो उंच जातो, तसेच हे. निरोगी इंजिनाची २५ ची झिणझिण बरीचशी सीट आणि मांसल भागात जिरते. मिसिंग करणाऱ्या इंजिनाचा सहाचा हेलकावा मात्र नेमका कण्याला मानवणारा नसतो. म्हणून रांगेत तासभर गाडी चालू ठेवून बसलेला चालक उतरताना कंबर धरतो.

सर्वांगाला बसणाऱ्या कंपाचा कंबरदुखीशी संबंध ट्रॅक्टर, ट्रक आणि बसचालकांच्या अनेक अभ्यासांत दिसला आहे. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात आठ तासांच्या कामासाठी कंपाची सरासरी ०.५ मीटर प्रतिसेकंद वर्ग झाली की मालकाने उपाय सुरू करावेत आणि १.१५ च्या वर जाऊ देऊ नये, असे ठरवले आहे. खड्ड्यांचा रस्ता, शेतातली ढेकळे, बसलेली सीट आणि जुने शॉकॲब्सॉर्बर यांचा त्यात इंजिनापेक्षाही मोठा वाटा असतो. पण इंजिनाचा कंप गाडी उभी असतानाही चालू राहतो आणि तो कमी करणे आपल्या हातात असते.

रांगेत उभे असताना इंजिन बंद करावे. सीटचा फोम बसला असेल तर बदलावा. सीट अशी लावावी की क्लच पूर्ण दाबताना कंबर पाठीपासून सुटणार नाही. दोन तासांनी उतरून पाच मिनिटे चालावे आणि उतरल्याबरोबर पोते उचलू नये, कारण बराच वेळ हादरे बसलेला कणा लगेच ओझे पेलायला तयार नसतो. कंबरेतून पायात कळ जात असेल, पाय बधिर होत असेल, तर मालिश-शेक करत राहण्याऐवजी डॉक्टरांना दाखवावे. लघवी किंवा शौचावरचा ताबा गेल्यासारखे वाटले तर एक दिवसही थांबू नये.

मेकॅनिककडे जाताना हे लिहून न्या

• थरथर कधीपासून आहे? हळूहळू वाढली की एकदम आली?
• इंजिन थंड असताना जास्त की तापल्यावर?
• उभ्या गाडीत आहे का? रेस दिल्यावर वाढते की कमी होते?
• किती वेगाला येते? गिअर बदलल्यावर त्याच वेगाला राहते का?
• क्लच दाबल्यावर, ब्रेक लावल्यावर किंवा एसी सुरू केल्यावर फरक पडतो का?
• कुठे जाणवते : स्टिअरिंगला, सीटला की पायाखाली?
• धुराचा रंग बदलला का? ॲव्हरेज घटले का? ऑइल किंवा पाणी कमी होते का?
• त्याआधी शेवटचे कोणते काम केले होते?

गाडी लगेच थांबवा, जर

• थरथरीसोबत ऑइलचा लाल दिवा लागला किंवा इंजिनातून ठोका ऐकू आला.
• चाकाकडून थरथर एकदम वाढली. नट सैल झाले असू शकतात.
• गाडीखालून लोखंड आपटल्याचा आवाज आला.
• डिझेल, पेट्रोल किंवा जळक्या रबराचा वास आला.

पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पुढे चालू ठेवायची तर आरटीओकडे तपासणी करून घ्यावी लागते. मालगाडीला तर त्याआधीही ठरावीक काळाने फिटनेस प्रमाणपत्र लागते. एमएच २९ च्या जुन्या पाटीच्या अशा अनेक गाड्या अजून घरे चालवत आहेत. हंगाम सुरू होण्यापूर्वी एका सकाळी वरची आठ उत्तरे कागदावर उतरवली आणि चाके आतून धुतली, तर गॅरेजमधले बोलणे अंदाजाऐवजी खुणांवरून सुरू होईल. काय बदलायचे ते मेकॅनिक सांगेल आणि का बदलायचे ते मालकालाही कळेल.